पोटातल्या जिवाणूंचे हात

चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करणारे अनेक कामगार माझ्या दवाखान्यात येतात. "डॉक्टर, पोट साफ होत नाही," ही नेहमीची तक्रार. काय खाता म्हणून विचारले, तर चहा-बिस्किट, वडापाव आणि रात्री भात. भाकरी-उसळ सुटलेलीच. औषधाआधी मी त्यांना पोटातल्या जिवाणूंविषयी सांगतो.

ज्वारी-बाजरीचा कोंडा, हरभऱ्याचे साल, चाकणच्या बाजारातला कांदा यांतील काही कर्बोदके पचवणारे पाचकरस माणसाजवळ नाहीत. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात. तेथील असंख्य जिवाणूंचे ते अन्न होय.

पण जिवाणू हे अन्न पकडतो कसे? 'बॅक्टेरॉइडिस थीटाआयोटाओमायक्रॉन' हा जिवाणू स्टार्च आधी अंगाला चिकटवून घेतो आणि मग फोडतो, असे अमेरिकेतील ॲबिगेल सॅलियर्स यांच्या प्रयोगशाळेने १९८९ मध्ये दाखवले. पुढे ही पकड घेणारी प्रथिनेही सापडली. त्यांपैकी 'सस-डी' या प्रथिनाची रचना २००८ मध्ये उलगडली. ते स्टार्चच्या साखळीचा पीळ ओळखून तिला धरते आणि 'सस-जी' तिचे तुकडे करते. एका हाताने ज्वारीचे ताट धरावे, दुसऱ्याने विळा चालवावा, तसेच हे. वेगवेगळ्या कर्बोदकांसाठी अशी प्रथिनेही वेगवेगळी असतात.

या कामातून जी आम्ले तयार होतात, त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील संशोधकांना २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यात 'प्रिव्होटेला' जिवाणूंचे प्रमाण जास्त आढळले. धान्य-भाजीपाल्याच्या आहाराशी या जिवाणूंचे नाते आहे.

मग चोथा मिळालाच नाही तर? २०१६ मध्येच माणसाच्या आतड्यातील जिवाणू उंदरांच्या पोटात सोडून, त्यांना चोथा नसलेला आहार देण्यात आला. जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील चिकट थरच खाऊ लागले. तो पातळ झाला आणि रोगजंतूंचा त्रास वाढला. उंदरांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण उपाशी ठेवलेला जिवाणू स्वस्थ बसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

म्हणून डब्यात भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, कच्चा कांदा असू द्या. पाळी कोणतीही असो, डबा चुकवू नका. प्रमाण मात्र हळूहळू वाढवा. एकदम वाढवल्यास पोट फुगते. पाणी भरपूर प्या. कांद्याने फार वायू होत असेल तर तो कमी करा. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. डॉक्टरांना लगेच दाखवा.