रक्तात न जाणारी हळद

सकाळी ७.१५
आमचा दिवस वजनकाट्यावर सुरू होतो. उंदीर शेपटीला धरून उचलायचा, काट्यावरच्या डब्यात सोडायचा, आकडा स्थिर होईपर्यंत दम धरायचा. काल २२.४ ग्रॅम भरलेला आज २०.९ भरला, की वहीत नोंद करताना हायसं वाटतं. उंदीर आजारी पडल्याशिवाय आमचा प्रयोगच सुरू होत नाही. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात अडीच टक्के डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, म्हणजे डीएसएस, मिसळलेलं असतं. त्यानं मोठ्या आतड्याचं अस्तर सोलवटतं, आतले जिवाणू भिंतीत घुसतात आणि पाच-सहा दिवसांत लेंड्यांतून रक्त जायला लागतं. जपानी संशोधकांनी १९९० मध्ये उंदरांवर ही पद्धत दाखवली. आज अल्सरेटिव्ह कोलायटिसवर कुठलाही पाला, मूळ किंवा साल अजमावायची तर बहुतेक प्रयोगशाळा याच वाटेनं जातात. वजन मूळच्या २० टक्क्यांहून जास्त घटलं तर तो उंदीर प्रयोगातून बाद करायचा, ही आमच्या परवानगीतली अट आहे. म्हणून वजन रोजच्या रोज, रविवारीसुद्धा.

ॲनिमल हाऊस सांभाळणारे मामा पिंजऱ्यांचा भुसा बदलत असतात. "मॅडम, हे बघा, यांचं परत पिवळं."

ज्या उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन पाजतो त्यांच्या लेंड्या पिवळसर होतात. रक्त किती, पातळपणा किती याचे गुण देणाऱ्याला कोणता गट कोणता हे कळू नये, म्हणून पिंजऱ्यांवर फक्त सांकेतिक अक्षरं आहेत. पण लेंडीच चुगली करते. माणसांतही पिवळं शौच हा कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेचा नोंदलेला परिणाम आहे. आम्ही त्यावर एक तोडगा काढलाय: रक्ताची तपासणी रंगावरून न करता रासायनिक पट्टीवर करायची आणि अंतिम निकाल सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांवरून लावायचा. तिथे पिवळा रंग उरत नाही.

सकाळी ९.००
कर्क्युमिन तोलायचं. पाण्यात ते विरघळत नाही, वर तरंगत राहतं. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या पातळ द्रावणात खलून खलून त्याचं निलंबन करायचं आणि बोथट टोकाच्या सुईनं थेट उंदराच्या जठरात सोडायचं. पाजण्याआधी प्रत्येक वेळी नळी हलवायची, नाहीतर पहिल्या उंदराला नुसतं पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ. हातमोजे, बाही, टेबलाची कड, सगळं हळदी समारंभासारखं रंगतं.

या न विरघळण्यावर किती शाई खर्च झाली आहे! पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ उतरतच नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर माणसात त्याचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. तेव्हापासून सगळा बाजार शोषण वाढवायच्या मागे लागलाय: नॅनो, मायसेल, लायपोसोम, मिरी. आमच्या गाइड मॅडमचं म्हणणं उलटं आहे आणि मला ते पटतं. आजार मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला झालाय, मग औषध रक्तात पोचवायचं कशासाठी? कोलायटिसच्या रुग्णाला पहिल्यांदा देतात ती मेसालामाइनची गोळी बघा. ती लहान आतड्यात शोषली जाऊन वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर खास लेप चढवतात. आम्लता कमी झाली की लहान आतड्याच्या शेवटाकडे तो विरघळतो. तिथे एवढा आटापिटा करून जे साधायचं, ते हळद आपल्या आळशीपणानंच साधते.

सकाळी ११.३०
पेशींची खोली. रॉ २६४.७ या उंदराच्या भक्षक पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून देशभर जातात त्यांतल्याच. त्यांना जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस दिलं की त्या खवळतात, टीएनएफ आणि आयएल-६ सोडतात. सोबत वनस्पतीतलं द्रव्य टाकायचं आणि सूज वाढवणारे हे निरोप किती घटतात ते मोजायचं.

इथे सावध राहावं लागतं. पेशी जिवंत आहेत का हे बघायची एमटीटी चाचणी पिवळ्याचं जांभळं होण्यावर चालते. वनस्पतींतली बरीच पॉलिफेनॉल्स हा रंगबदल पेशींशिवाय स्वतःच घडवून आणतात. कर्क्युमिन तर मुळात रंगद्रव्य, शिवाय ते प्रकाशमानही होतं. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये पेशी नसलेल्या, फक्त द्रव्य टाकलेल्या खाचा ठेवते. आजही त्या खाचांनी आकडा दाखवला. तो वजा केल्यावर परिणाम उरला, पण निम्म्याहून कमी. शिवाय ३७ अंशांवरच्या साध्या बफरमध्ये कर्क्युमिन अर्ध्या तासात नव्वद टक्के मोडून जातं. पेशींच्या माध्यमात प्राणिरक्ताचा सीरम असेल तर जरा जास्त टिकतं. तेव्हा चोवीस तासांनी जो परिणाम मोजतो तो हळदीचा की तिच्या तुकड्यांचा, हा प्रश्न आमच्या फळ्यावर कायम लिहिलेला असतो. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं याच कारणांसाठी कर्क्युमिनच्या संशोधनाला चांगलंच झोडपलं होतं. त्यांचा राग मला समजतो. फक्त माणसांवरच्या चाचण्यांना ते सगळं लागू पडत नाही, कारण तिथे रुग्णच सांगतो की रक्त थांबलं की नाही.

दुपारी १.३०
डबा. सांगलीकडची ज्युनिअर विचारते, "मग कर्क्युमिन कशाला, आमच्याकडची हळदच द्या ना." हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के. तीन ग्रॅम हवं तर रोज शंभर ग्रॅम हळद. ती म्हणते, "शेतकरी खूश होतील."

दुपारी २.३०
साप्ताहिक बैठक. आज माणसांवरच्या चाचण्या, आणि मला सगळ्यात आवडणारा वाद: मात्रा.

जपानमधल्या २००६ च्या चाचणीत ८९ रुग्ण होते. आजार शांत असलेले. नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत ४३ पैकी दोघांचा आजार उलटला, बनावट गोळीवाल्यांत ३९ पैकी आठ जणांचा. २०१५ मध्ये मेसालामाइन घेऊनही आजार धुमसत असलेल्या ५० रुग्णांवर इस्रायल, हाँगकाँग आणि सायप्रसमध्ये रोज ३ ग्रॅम देऊन पाहिलं. महिनाभरात निम्म्याहून जास्त जणांचा आजार शमला, बनावट गोळीवाल्यांत एकाचाही नाही. आणि दिल्लीच्या एम्सची २०१७ ची चाचणी: ६२ रुग्ण, रोज ४५० मिलिग्रॅम, आठ आठवडे. फरक शून्य.

मॅडम फळ्यावर आमचीच मात्रा लिहितात. उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं १२.३ नं भागा, साठ किलोंच्या माणसाला किती? ४९० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एम्समध्ये न चाललेली मात्रा. खोलीत जरा शांतता. मग कुणीतरी बरोबर मुद्दा काढतो: हा भागाकार रक्तात जाणाऱ्या औषधांसाठीचा, आतड्यातच काम करणाऱ्या द्रव्याला तो किती लागू? यावर अर्धा तास जातो. माझं मत, लागू नाही. आतड्याच्या अस्तराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किती मिळतं, ते मोजलं पाहिजे.

बाकीच्या वनस्पती भरभर. कालमेघाचा अर्क: २०१३ मध्ये २२४ रुग्ण, १.८ ग्रॅमच्या मात्रेला ६० टक्क्यांत सुधारणा, बनावट गोळीला ४० टक्क्यांत. पुढच्या टप्प्यात मात्र अपेक्षाभंग. सालईचा डिंक: भारतातल्या छोट्या अभ्यासांत छान, जर्मनीत क्रोन्स या आतड्याच्याच दुसऱ्या आजाराच्या ८२ रुग्णांवर बनावट गोळीपेक्षा सरस नाही. निळीपासूनचं चिनी 'चिंग दाई': जपानमध्ये ८६ रुग्णांवर जोरदार परिणाम, पण चाचणीबाहेर ते स्वतःहून विकत घेऊन खाणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हे वाक्य या बैठकीत कुणी उच्चारत नाही.

दुपारी ४.१५
आधीच्या तुकडीचा आज शेवट. भूल, मग पोट उघडायचं. आंधळ्या आतड्यापासून गुदद्वारापर्यंतचं मोठं आतडं अलगद सोडवून ओल्या कागदावर सरळ ठेवायचं. ओढायचं नाही, जरा ताण दिला तरी अर्धा सेंटिमीटर हातचा वाढतो आणि आपल्या मनासारखा निकाल लागतो. निरोगी उंदराचं आठ-नऊ सेंटिमीटर भरतं. डीएसएस प्यायलेल्याचं आखडून सहाच्या आसपास, जाडसर, आत काळपट रक्त. मोजणारी ज्युनिअर गट न बघता आकडा सांगते, मी लिहिते. मोजून झालं की आतडं खारट पाण्यानं धुऊन, लांबीत चिरून, गुंडाळी करून फॉर्मलिनमध्ये.

संध्याकाळी ६.००
हिशेबाच्या खोलीतले काका एक बाटली घेऊन येतात. त्यांच्या मेहुण्याला कोलायटिस आहे. "मॅडम, हे सुरू केलंय त्यानं. झाडपाल्याचं आहे, चालेल ना?" लेबल वाचते: ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, सोबत पायपरिन. खाली ठळक अक्षरात जास्त शोषणाची हमी.

"डॉक्टरांना सांगितलंय का त्यांनी?"

"नाही. रागावतील म्हणाला."

मी गोळी चांगली की वाईट ते सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. दोन गोष्टी सांगते. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेलेत, त्यांतल्या काही गोळ्यांत मिरीचा अंशही सापडला. आणि ज्या चाचण्यांत कर्क्युमिन चाललं त्यांत ते चालू औषधाच्या जोडीला होतं, त्याच्या जागी नाही. "मेहुण्यांनी मेसालामाइन बंद तर केलं नाही ना?" काका बाटलीकडे बघत राहतात. "विचारतो," म्हणतात, आणि फोन लावायला व्हरांड्यात जातात.

संध्याकाळी ६.४५
नीतिसमितीचा सुधारित अर्ज. आतापर्यंत आम्ही डीएसएसच्या तीन दिवस आधीपासून कर्क्युमिन पाजत आलो. उंदरांवरचे कितीतरी निबंध असेच असतात आणि आकडे देखणे येतात. पण दवाखान्यात येणारा माणूस रक्त पडायला लागल्यावर येतो. म्हणून नवा गट मागतेय: रक्त दिसल्यानंतर पहिली मात्रा. त्यातही पेच आहे, डीएसएस थांबवलं की उंदीर औषधाशिवायही सावरतात, म्हणून औषध न दिलेला तेवढाच मोठा गट शेजारी हवा. 'एवढे प्राणी का?' या रकान्यात हेच लिहिते, आणि तिसऱ्या गटाला मेसालामाइन द्यायचं ठरवते.