कांचपट्टीवरील रक्ताचा थेंब

एखादी गरोदर स्त्री थकवा, धाप आणि निस्तेज चेहरा घेऊन सरकारी रुग्णालयांत येते, तेव्हां तिच्या हातांतील शिरेंतून थोडें रक्त काढून घेतलें जातें. धाराशीव जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं परगांवीं जाणाऱ्या कुटुंबांपैकीं ती असेल, तर ती पुन्हां केव्हां येईल याचा भरंवसा नसतो. त्या एकाच भेटींत तिचें दुखणें कोणत्या जातीचें हें ठरलें पाहिजे. आणि तें ठरविण्याचें पुष्कळसें काम तिनें कधींही न पाहिलेल्या, आंतल्या खोलींत सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें बसलेल्या माणसावर अवलंबून असतें.

धाराशीव येथें २०२२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथील भावी डॉक्टर काय किंवा इतरत्र प्रयोगशाळेचें तंत्र शिकणारा उमेदवार काय, दोघांनाही रक्तशास्त्राचा पहिला धडा कांचेच्या पट्टीवरच गिरवावा लागतो. रक्ताचा थेंब पट्टीच्या एका टोकाशीं ठेवावयाचा, दुसरी पट्टी तिरपी धरून त्यास टेंकवावयाची, आणि थेंब तिच्या कडेनें पसरतांच ती एका दमांत पुढें सरकवावयाची. ऐकण्यास हें सोपें वाटतें; पण हात कचरला कीं लेपावर लाटा उठतात, आणि थेंब मोठा झाला कीं पेशी एकमेकींवर चढून बसतात. साधलेला लेप जिभेच्या आकाराचा असून शेवटास विरळ होत जातो. त्यावर लीशमनचा रंग ओततात. त्यांतील मद्यार्क पेशींना कांचेवर घट्ट बसवितो, व मागाहून घातलेल्या पाण्यामुळें रंग चढतो. तें पाणी किंचित् आम्ल असलें तर सारें दृश्य तांबडें दिसतें, अल्कधर्मी असलें तर निळें. रंग बिघडला म्हणजे निदानही बिघडण्याची भीति असते.

निरोगी तांबड्या पेशीचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारें सातपट असतो. एवढें सूक्ष्म माप नुसत्या नजरेनें कसें घ्यावें? त्यासाठीं निसर्गानें शेजारींच मोजपट्टी ठेविली आहे. लिंफोसाइट नांवाच्या लहान पांढऱ्या पेशीचा केंद्रक जवळजवळ निरोगी तांबड्या पेशीएवढाच असतो. त्याच्याशीं ताडून पाहिलें कीं पेशी लहान कीं मोठी हें कळतें. शरीरांत लोह कमी पडलें तर पेशींत रंगद्रव्य कमी भरतें. त्या लहान व फिकट होतात. फोलिक आम्ल अथवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलें तर पेशीचें विभाजन रेंगाळतें, आणि ती भलतीच मोठी व अंडाकृति होऊन बाहेर पडते.

आतां हें मोजमाप यंत्रें एका मिनिटांत करतात. मग डोळ्याला एवढे श्रम कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पण यंत्र मुख्यतः सरासरी सांगतें. एकाच स्त्रीच्या रक्तांत दोन्ही उणीवा असल्या, तर लहान व मोठ्या पेशींची सरासरी अगदीं ठाकठीक येऊं शकते. पेशींच्या आकारांतील तफावतीचा आंकडा यंत्र देतें खरें, परंतु तो केवळ संशय उत्पन्न करतो. दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारींशेजारीं दाखवितो तो लेपच.

मोठ्या पेशींच्या या पंडुरोगाचें कोडें महाराष्ट्राच्या भूमीवरच उकलूं लागलें. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणीं होणारा जीवघेणा पंडुरोग हा त्यांचा विषय होता. परळच्या हाफकिन संस्थेंत त्यांनीं उंदरांना व पुढें माकडांना त्या स्त्रियांसारखाच निकस आहार देऊन पाहिला. मार्माइट नांवाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर माकडांचें रक्त सुधारलें, आणि मग रुग्ण स्त्रियांचेंही. १९३१ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. अर्कांतील तें गुणकारी द्रव्य कोणतें, हें मात्र ठाऊक नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून तें वेगळें काढण्यांत आलें, व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हें नांव मिळालें. पालेभाजींत असणारी वस्तु गरिबांच्या ताटांत नव्हती, एवढाच त्या गूढाचा अर्थ!

आज गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक आम्ल एकाच गोळींतून दिलें जातें. तेव्हां लेप पाहण्याचें कारण उरलें नाहीं, असें कोणास वाटेल. पण येथेंच खरी मेख आहे. ब-१२ च्या अभावानेंही पेशी तशाच मोठ्या होतात. अशा रुग्णास नुसतें फोलिक आम्ल दिलें तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, आणि मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते. या दोन उणीवांतला भेद लेपावरून होत नाहीं. त्यास रक्ताची निराळी तपासणी लागते. म्हणून मोठी, अंडाकृति पेशी आणि तिच्याजवळ केंद्रकाचे सहा तुकडे झालेली पांढरी पेशी दिसतांच जाणता तंत्रज्ञ अहवाल संध्याकाळपर्यंत पडूं देत नाहीं. ती स्त्री बाहेरच्या बाकावर बसलेली आहे तोंवरच डॉक्टरांस निरोप जातो, आणि दुसऱ्या नळींत रक्त घेतलें जातें.