कमरेवरची न भरणारी जखम

अमरावती-अकोल्याकडील उन्हाळा आपणांस नवा नाहीं. घामानें कमर काचते, कातडी काळवंडते, खाज सुटते. खोबरेल लावलें कीं आपण तें विसरून जातों. बहुतेकांच्या बाबतींत एवढ्यावरच भागतें. परंतु फार क्वचित् याच जागीं कर्करोग मूळ धरतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ सालीं, सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासह, रूढींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरील कर्करोगाचें वर्णन होतें. पुढें साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. काश्मिरांत पोटाशीं कांगडी धरून शेकणाऱ्यांस पोटावर व मांडीवर होणारा कर्करोग याच जातीचा. तेथें कारण धग, येथें काच.

दोष वस्त्राचा नव्हे. वर्षानुवर्षें एकाच रेषेवर आवळलेली गांठ किंवा परकराचा नाडा, त्याखालीं साचणारा घाम व धूळ, यांनीं त्वचा पुनःपुन्हा सोलवटते आणि पुनःपुन्हा भरून येते. या अखंड डागडुजींत एखादी पेशी ताळतंत्र सोडून बेबंद वाढूं लागते. प्रथम पट्टा काळा वा पांढुरका होतो, मग कातडी जाड व खरबरीत होते, शेवटीं उचललेल्या कांठाची जखम पडते. आरंभीं ती फारशी दुखत नाहीं, आणि घात होतो तो येथेंच. जागा झांकलेली, स्त्रिया संकोचानें बोलत नाहींत, पुरुष कामाच्या रगाड्यांत दुर्लक्ष करतात, कोणी गजकर्ण समजून मलमांवर महिने काढतात. जुनाट जखमेंतून किंवा वणांतून उठलेला कर्करोग त्वचेवरील इतर अशा कर्करोगांहून दांडगा असतो. तो जांघेंतील गांठींत उतरला, म्हणजे जें काम लहानशा शस्त्रक्रियेनें झालें असतें, त्यासाठीं मोठी शस्त्रक्रिया व किरणोपचार करावे लागतात. तरीही यशाची खात्री उरत नाहीं.

उपाय घरगुती आहे. नाडा रुंद पट्टीचा असावा, सैल बांधावा, त्याची जागा बदलीत जावी. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, मग ती कमरेवर असो वा भाजल्याच्या जुन्या वणावर असो, डॉक्टरांस दाखवावी. अमरावतीचें इर्विन रुग्णालय व अकोल्याचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहेत. कातडीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला कीं संशय फिटतो. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र आपणच आवर्जून विचारावें. त्या आपण होऊन सांगणार नाहींत.