इन्नाची टोपी, जाजीची टोपी

आजच्या उत्तर नायजेरियातल्या हौसा मुलखात दोनशे वर्षांपूर्वी बोरी पंथाचा जोर होता. बायकांच्या अंगात येई, त्या दुखणी ओळखत, उपाय सांगत. गोबीर राज्यात पंथाच्या प्रमुख बाईला ‘इन्ना’ म्हणत. तिच्या मानाची खूण म्हणजे मालफा, गवताची विणलेली टोपी.

1804 मध्ये धर्मपंडित उस्मान दान फोदियो यांनी जिहाद पुकारला. 1808 मध्ये गोबीरची राजधानी पडली आणि बोरी पाखंड ठरली. इस्लाम आला आणि बायका घरात गेल्या, असा निकाल इथेच देऊन मोकळं होता आलं असतं. पण लेकीसुनांना अडाणी ठेवणाऱ्या मौलवींना याच उस्माननी झोडपलं होतं. त्यांची मुलगी नाना अस्माऊ (1793–1864) फुलानी, हौसा आणि अरबीत कविता करी. तिने इन्नाचीच टोपी उचलली, तिला लाल कापड गुंडाळलं आणि आपल्या ‘जाजीं’च्या, म्हणजे गावोगावच्या शिक्षिकांच्या, डोक्यावर ठेवली. जाजी वयस्क बायका आणि लहान मुलींचे जथे अस्माऊकडे सोकोटोला नेत. तिथे कविता पाठ करायच्या आणि गावी परतून पडद्यातल्या बायकांना शिकवायच्या. डाव मोठा हुशारीचा. मात्र जिहादातून आलेलं सोकोटोचं राज्य गुलामांच्या कष्टांवर उभं होतं. धरून आणलेल्या बायकांना विजेत्यांच्या रीतीत बसवणं, हेही या शिकवणीचं काम होतं. अस्माऊचं कौतुक करताना ही बाजू हळूच गाळली जाते.

1903 मध्ये सोकोटो इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे गुलामी ओसरली आणि पडदा उलट वाढला. आपली बायको शेतात राबत नाही, हे सांगण्यात आता साध्या शेतकऱ्यालाही प्रतिष्ठा वाटू लागली. नायजेरियाच्या दक्षिणेतल्या बायकांना 1950 च्या दशकात मिळालेला मताधिकार उत्तरेत 1976 मध्ये पोचला. त्याआधी त्यासाठी बोलणाऱ्या गाम्बो सवाबा यांना कितीदा तरी तुरुंगात जावं लागलं.

1999 नंतर उत्तरेतल्या बारा राज्यांनी शरियत फौजदारी कायदा आणला. 2002 मध्ये अमीना लवाल हिला लग्नाबाहेरच्या मुलाबद्दल दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा झाली. हौवा इब्राहिम यांच्यासह तिच्या वकिलांनी शरियतचाच आधार घेतला: कबुली मागे घेता येते, आणि खालच्या कोर्टात तीनऐवजी एकच काझी बसला होता. 25 सप्टेंबर 2003 रोजी कात्सिनाच्या शरियत अपील कोर्टाने चार विरुद्ध एक मताने तिला सोडलं. अमीना सुटली, ते कलम मात्र कायद्यातून गेलं नाही.