कुडाचे घर आणि पेशीचे केंद्रक



शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्यावर तुम्ही कुडाचे घर पाहिले असेल. जमिनीत रोवलेल्या मेढी छपराचा भार पेलतात. कारवीच्या काठ्या बांधून कूड करतात आणि तो शेणमातीने लिंपतात. मेढीचे काम कारवीला जमत नाही व कारवीचे मेढीला जमत नाही.

आपल्या पेशीच्या केंद्रकाचेही असेच आहे. केंद्रक इतके लहान असते, की एका मिलिमीटरमध्ये शंभराहून अधिक केंद्रके ओळीने मावतील. त्याची रचना सांभाळणारी प्रथिने मात्र एकसारखी नसतात.

पहिला गट हिस्टोन प्रथिनांचा. एका पेशीत सुमारे 2 मीटर लांबीचा डीएनए असतो. तो एवढ्याशा जागेत कसा मावतो? आठ हिस्टोन मिळून एक रीळ तयार होते. त्याभोवती डीएनएचा धागा जवळजवळ दोन वेढे घेतो. या आठांत चार प्रकारांचे प्रत्येकी दोन हिस्टोन असतात. एच-1 हा पाचवा प्रकार मात्र रिळाच्या बाहेर राहून वेढे घट्ट धरतो.

दुसरा गट लॅमिन प्रथिनांचा. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणारे जाळे ती विणतात. हाच केंद्रकाचा कूड! लॅमिन-बीला तेलकट शेपटी असते. त्यामुळे ते आवरणाला चिकटून राहते. लॅमिन-एची शेपटी पुढे कापली जाते. लॅमिन-सीला ती नसतेच. हाडे व स्नायू ताण सोसतात, म्हणून त्यांत लॅमिन-ए भरपूर असते. काही पांढऱ्या रक्तपेशींना अरुंद वाटेतून जावे लागते. त्यांच्यात ते फार कमी असते.

एवढा लहान फरक महत्त्वाचा आहे का? होय. प्रोजेरिया या दुर्मीळ आजारात लहान मुले अकाली म्हातारी दिसू लागतात. 2009 सालच्या ‘पा’ या हिंदी चित्रपटातील मुलाला हाच आजार होता. 2003 साली त्याचे कारण सापडले : लॅमिन-एच्या जनुकात एका अक्षराचा बदल! त्यामुळे शेपटी कापली जात नाही आणि केंद्रक वेडेवाकडे होते. ती शेपटी जोडूच न देणाऱ्या औषधाला 2020 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आजार बरा होत नाही, पण मुलांचे आयुष्य वाढते.

आपल्या देशातही हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. वीणा परनाईक यांनी लॅमिनवर संशोधन केले. उद्या तुमच्यापैकीही कोणी हे काम पुढे नेईल!

शब्दार्थ : मेढ – घराचा लाकडी खांब, कूड – काठ्यांची भिंत, दुर्मीळ – क्वचित आढळणारा.

स्वाध्याय : 1. एच-1 हा इतर हिस्टोनांपेक्षा वेगळा कसा? 2. लॅमिन-ए व लॅमिन-बी यांतील फरक सांगा.