सीएचबीच्या मॅडम

सकाळी ६.१०. भुसावळ. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. पिशवीत ‘कोसला’ कादंबरी, पानं सुटलेली, खाकी कव्हर घातलेली. मॅडम मराठी शिकवतात. सेट परीक्षा झाली, पीएच.डी. झाली. नेमणूक मात्र सीएचबीवर, म्हणजे तासाचे पैसे. आठवड्याला नऊ तास. दिवाळीची सुट्टी पोरांना गोड, मॅडमला कोरडी.

६.४०. यावलची एसटी. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, तेवढंच बरं. तापी ओलांडली की दोन्हीकडे केळी. एका बांधाशी ट्रक लागलाय. माणसं खांद्यावर घड घेऊन येतात, गुडघे वाकवून अलगद टेकवतात. सालीला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो.

७.३०. कॉलेजात आधी तासांचं रजिस्टर. वर्ग, विषय, वेळ, सही. सही राहिली तर तास फुकट.

७.४५. आज भालचंद्र नेमाडे. फळ्यावर पहिलं नाव सांगवी, तालुका यावल, १९३८. पुढे बाण. पुण्याला फर्ग्युसन, मग डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मुंबईला इंग्रजीत एम.ए. मग शिकवण्याची गावं: नगर, धुळे, औरंगाबाद, लंडनचं ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’, गोवा. शेवटी मुंबई विद्यापीठात तुलनात्मक साहित्याचं टागोर अध्यासन. फळा संपला, खडूही.

मागच्या बाकावरून आवाज येतो, “मॅडम, इतक्या नोकऱ्या सोडल्या का त्यायनी?”

वर्ग हसतो. मॅडम सगळ्यांत जास्त.

८.१५. आता तुलना. एकीकडे नेमाडेंच्या १९६३च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर, दुसरीकडे सॅलिंजरच्या १९५१च्या कादंबरीतला होल्डन. एक पुण्यात काही वर्षं काढून गावी परततो, दुसरा शाळेतून काढल्यावर न्यूयॉर्कमध्ये भटकतो. साम्य काय? एकटेपणा, तुटलेपण, गाइडातली उत्तरं येतात. मग केळीवाल्याचा एक पोरगा म्हणतो, “दोघंबी बापाच्याच पैशावर ना?” मॅडम ते फळ्यावर लिहितात. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच. पांडुरंग मेसच्या आणि बापाच्या पैशांत किती अडकतो, ते मग पान काढून वाचलं जातं.

१०.३०. दुसरा तास संपला. चहा दहा रुपये. एका उताऱ्याच्या झेरॉक्स मॅडमच्याच खर्चाने.

दुपारी ४.३०. भुसावळ. घरी दहावीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण. मुलामागे महिना पाचशे. साहित्याचं नाव नाही, फक्त पॅसिव्ह व्हॉइस.

रात्री ९.३०. एका कॉलेजची जाहिरात आली आहे, सहायक प्राध्यापक, एक जागा. शैक्षणिक पात्रतेचे रकाने भराभर भरतात, ते पाठच आहेत. ‘अध्यापनातील विशेष रस’ इथे पेन थांबतं. तुलनात्मक साहित्य लिहू की व्याकरण? मुलाखतीत व्याकरण खपतं, असं कुणी सांगितलंय. मॅडम तुलनात्मक साहित्य लिहितात, कंसात खान्देशी बोली जोडतात. अर्जाची फी पाचशे. मुदत शनिवारपर्यंत, आणि ट्यूशनच्या दोघांची फी अजून यायची आहे.