चार घरांचे कोष्टक

‘लस टोचून घेतली, तरी तो गेलाच.’ ‘मी टोचून घेतली नाही, तरी मला काही झाले नाही.’ साथीच्या दिवसांत ही दोन वाक्ये प्रत्येक ओटीवर ऐकू येतात. दोन्ही बहुधा खरी असतात. तरीही लस उपयोगी की निरुपयोगी या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. बोलणारा माणूस खोटे सांगतो असे नव्हे. ज्या चार संख्या एकत्र पाहावयास हव्यात, त्यांपैकी तो एकच पाहत असतो. त्या चार संख्या एका दृष्टिक्षेपात आणण्यासाठी संख्याशास्त्राने एक साधे साधन दिले आहे. त्याचे नाव द्विमार्गी कोष्टक.

श्रोत्यांनी कागद-पेन्सिल घेऊन एक चौकोन काढावा आणि त्यात मधोमध एक उभी व एक आडवी रेघ ओढावी. चार घरे तयार होतील. वरच्या दोन घरांत लस टोचलेली माणसे, खालच्या दोन घरांत न टोचलेली. डावीकडे मृत, उजवीकडे वाचलेली. कोष्टक एवढेच. मात्र त्यात भरावयाच्या संख्या मनाने घेऊन चालणार नाही. त्या एका खऱ्या गावाच्या आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु लस निरुपद्रवी असणे ही एक गोष्ट आणि ती गुणकारी असणे ही दुसरी. दुसरी गोष्ट सिद्ध करण्याची उत्तम संधी १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंडेरा या लहानशा गावी आली. बडोद्यालगतच्या या गावात त्या वेळी प्लेग पसरला होता. हाफकिन यांनी तेथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे अर्ध्या माणसांना लस टोचली आणि अर्ध्यांना टोचली नाही. वय, स्त्री-पुरुष आणि प्रकृती या बाबतींत दोन्ही वाटण्या शक्य तितक्या सारख्या ठेवल्या. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांतील माणसांचा हिशेब असा :

टोचलेले : मृत ३, वाचलेले ६८, एकूण ७१.
न टोचलेले : मृत २६, वाचलेले ३८, एकूण ६४.
दोन्ही मिळून : मृत २९, वाचलेले १०६, एकूण १३५.

आता ओटीवरची ती दोन वाक्ये या कोष्टकात शोधावीत. ‘टोचूनही गेला’ असे ज्यांच्याविषयी म्हणता येईल, ती माणसे तीन. ‘टोचली नाही, तरी वाचलो’ असे म्हणू शकणारी ३८. केवळ तोंडी साक्षी मोजल्या, तर लशीविरुद्ध बोलणारी ४१ उदाहरणे एकट्या उंडेऱ्यात मिळतात. सत्य मात्र चारही घरे भरल्यावरच दिसू लागते.

कोष्टकावरून संभाव्यता काढणे म्हणजे एका संख्येला दुसरीने भागणे. भागाकार सोपा आहे. कशाने भागावयाचे हे ठरवण्यात खरी मेख आहे. त्या १३५ जणांतून चिठ्ठी टाकून कोणाही एकाचे नाव काढले, तर ती व्यक्ती मृतांपैकी असण्याची संभाव्यता १३५ पैकी २९, म्हणजे शेकडा सुमारे साडेएकवीस. ती व्यक्ती टोचलेली असून मृतांपैकी असण्याची संभाव्यता १३५ पैकी ३, म्हणजे शेकडा दोनहून किंचित अधिक. या दोन्ही प्रश्नांत भाजक १३५ हाच आहे, कारण चिठ्ठी सर्वांमधून काढलेली आहे.

परंतु टोचून घ्यावे की नाही, अशा विचारात पडलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. टोचून घेतले तर मरणाचा धोका किती? येथे ‘तर’ हा शब्द महत्त्वाचा. त्या शब्दाबरोबर खालची ओळ बाजूला पडते आणि भाजक १३५ न राहता ७१ होतो. उत्तर येते ७१ पैकी ३, म्हणजे शेकडा सुमारे चार. न टोचणाऱ्यांसाठी ६४ पैकी २६, म्हणजे शेकडा चाळीसहून थोडे अधिक. अटीवर अवलंबून असलेल्या या संभाव्यतेस सशर्त संभाव्यता म्हणतात.

अट उलटी फिरवली की प्रश्नही बदलतो आणि पुष्कळदा शहाणी माणसेही येथे घसरतात. ‘मृतांपैकी टोचलेले किती?’ याचे उत्तर २९ पैकी ३, म्हणजे शेकडा दहा. ‘टोचलेल्यांपैकी मृत किती?’ याचे उत्तर शेकडा चार. वरचा अंक दोन्हीकडे तीनच आहे, पण भाजक निराळे. समजा, एखाद्या गावात शंभरांपैकी नव्वद जणांनी लस टोचून घेतली आहे. तेथे मृतांमध्ये टोचलेल्यांची संख्या अधिक भरणे सहज शक्य आहे. तेवढ्यावरून लशीस दोष देणारा मनुष्य उलटी अट वाचत असतो.

यापुढचा प्रश्न अधिक खोल आहे. टोचणे आणि वाचणे यांचा खरोखर काही संबंध आहे, की ही केवळ दैवाची खेळी? दोन गोष्टींपैकी एक घडल्याने दुसरीच्या संभाव्यतेत काहीच फरक पडत नसेल, तर त्या परस्परनिरपेक्ष आहेत असे म्हणतात. तसे असते, तर टोचलेल्यांत आणि न टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सारखेच, म्हणजे १३५ स २९ असे, पडले असते. त्या हिशेबाने टोचलेल्या ७१ जणांत किती मृत्यू अपेक्षित होते? ७१ ला २९ ने गुणून १३५ ने भागावे. उत्तर सव्वापंधरा. प्रत्यक्षात घडले तीन. न टोचलेल्यांत पावणेचौदा अपेक्षित होते, घडले सव्वीस. वाचलेल्यांच्या घरांतही हाच सव्वाबाराचा फरक उलट दिशेने पडतो.

थोडाफार फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. नाणे शंभरदा उडवले म्हणून बरोबर पन्नास छाप पडतीलच असे नाही. तेव्हा किती फरक योगायोगाच्या पदरी घालावा, याला काही माप हवे. ते माप उंडेऱ्याच्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी, १९०० साली, कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने दिले आणि चार घरांच्या कोष्टकास ते कसे लावावे हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये निश्चित केले. त्यास काय-वर्ग कसोटी म्हणतात. प्रत्येक घरातील प्रत्यक्ष व अपेक्षित संख्यांच्या फरकाचा वर्ग करावा, त्यास अपेक्षित संख्येने भागावे आणि चारही घरांची बेरीज घ्यावी. दोन गोष्टी परस्परनिरपेक्ष असतील, तर ही बेरीज ३.८४ च्या वर जाण्याचा प्रसंग शंभरांत सुमारे पाच वेळा येतो आणि १०.८३ च्या वर जाण्याचा हजारांत एकदा. उंडेऱ्याची बेरीज २६.४ भरते. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याचा संभव दहा लाखांत एकदाही नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही कसोटी प्रत्येक माणूस स्वतंत्र मानून चालते. प्लेग मात्र घरात शिरला की त्याच घरातील अनेकांना गाठतो. म्हणून ‘दहा लाखांत एक’ हा आकडा काटेकोर न समजता निष्कर्षाच्या बळाची साधारण कल्पना म्हणूनच घ्यावा. फरक इतका ठळक आहे, की त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची. कसोटी फक्त संबंध आहे एवढे सांगते, तो कशामुळे आहे हे सांगत नाही. १८९७ साली पोर्तुगीज अमलाखालील दमण येथेही ही लस टोचण्यात आली होती. तेथे टोचलेल्या २,१९७ माणसांत ३६ मृत्यू झाले आणि न टोचलेल्या ६,०३३ माणसांत १,४८२. आकडे उंडेऱ्यापेक्षा कितीतरी मोठे आणि फरकही प्रचंड. तरीही तेथे एक शंका उरते. दमणमध्ये ज्याला वाटले तो पुढे आला. आपण होऊन पुढे येणारा मनुष्य कदाचित अधिक सावध असेल, त्याचे घर अधिक स्वच्छ असेल, तो अधिक सुस्थितीतला असेल. मग त्याला वाचवले ते लशीने की घराने? कोष्टक याचे उत्तर देऊ शकत नाही. उंडेऱ्यात मात्र तेच छप्पर, तेच अन्न, तेच उंदीर आणि त्याच पिसवा होत्या. एका घरातील दोन भावांत फरक राहिला तो टोचण्याचा. म्हणूनच १३५ माणसांचे ते लहान कोष्टक दमणच्या आठ हजारांहून अधिक स्पष्ट बोलते.

या स्पष्टपणाची किंमतही त्याच कोष्टकात लिहिलेली आहे. न टोचलेल्यांचे मृत्युप्रमाण टोचलेल्यांना लागू पडले असते, तर त्यांच्यात तीनऐवजी सुमारे २९ मृत्यू झाले असते. म्हणजे जवळजवळ २६ माणसे लशीमुळे वाचली. आणि न टोचलेल्यांत जी माणसे दगावली, तीही २६ च. त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याच लशीने वाचवता आले असते. हे अगोदर कोणास ठाऊक नव्हते. ते कळावे यासाठीच तर प्रयोग होता. आज अशा प्रयोगापूर्वी प्रत्येक माणसाला सर्व समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते आणि लस गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा मध्येच हाती आला, तर प्रयोग थांबवण्याची तरतूदही केलेली असते.

तेव्हा यापुढे ‘टोचूनही तो गेलाच’ असे कोणी सांगितले, तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. त्याने एका घरातील संख्या सांगितली आहे. उरलेल्या तीन घरांतील संख्या त्याला शांतपणे विचाराव्यात. आणि त्या मिळाल्या, तर टोचून घेणारे कोण व न घेणारे कोण हे कसे ठरले, एवढे आणखी विचारावे.